या घरात अजून चूल पेटलेली नाही

१

"माझी आई कुठे आहे?" इतिमादने विचारलं.

तिने फोन टेबलावर ठेवून रुदैनाकडे सरकवला. पडद्यावर 'नफस', रुदैनाच्या ऑफिसचं पाककृतींचं अॅप, उघडलेलं होतं. वरच्या कोपऱ्यात नाव तेवढं शिल्लक होतं, 'उम्म निजार, सल्ट'. त्याखाली पांढरं रिकामं पान, पानाच्या मधोमध एक हसरं पातेलं आणि पातेल्याखाली एक ओळ:

'या घरात अजून चूल पेटलेली नाही. पहिला पदार्थ तुम्हीच मांडा!'

ती ओळ रुदैनाची होती. अॅपवर कुणी नवी बाई आली, तिने आपलं स्वयंपाकघर उघडलं आणि आत अजून काहीच टाकलेलं नसलं, तर तिला ओशाळं वाटू नये म्हणून रुदैनाने ती हौसेने घडवली होती. पातेल्याला हसू द्यायचं की नुसते डोळे, यावरून ऑफिसात दोन वेळा वाद घातला होता.

आता तेच पातेलं एका मेलेल्या बाईच्या लेकीकडे बघून हसत होतं.

"काल सकाळपर्यंत होती. भाजी निवडताना मी तिचा भरल्या कोबीचा व्हिडिओ लावला होता. इफ्तारनंतर उघडलं, तर हे." इतिमाद रडत नव्हती. रडून झालेल्या माणसाचा आवाज होता तो. "तळहातावर रश्श्याचा थेंब घ्यायची, जिभेने टिपायची, मिटक्या मारायची आणि म्हणायची, 'अजून एक चिमूट, मग अल्लाह मालिक.' रुदैना, तूच मला म्हणाली होतीस ना, आईला इथे ठेव, इथे ती कुठे जाणार नाही?"

म्हणाली होती. थंडीत उम्म निजार गेली तेव्हा इतिमाद सगळे व्हिडिओ काढून घ्यायला निघाली होती. तिच्या घरी जाऊन, तिच्याच हातचा चहा पिऊन रुदैनाने तिला थांबवलं होतं.

तेवढ्यात कुतैबाने आपल्या खुर्चीतूनच मान वळवली. ऑफिसातला सगळा कोड त्याच्या हातचा. लग्न झालेला, पण कायम उपाशी दिसणारा मुलगा. आज त्याचा चेहरा रोजच्यापेक्षाही सुकलेला होता.

"बिघाड नाही हा," तो म्हणाला. "कुणीतरी पुसलंय. काल सूर्यास्ताच्या, म्हणजे मगरिबच्या आधीच्या तासात, याच ऑफिसातून." तो घुटमळला. "तुझ्या कॉम्प्युटरवरून, रुदैना. तुझ्याच पासवर्डने."

२

मालक मुहन्नदने दार लावून घेतलं. त्याचा आवाज कधीच चढायचा नाही. त्याचीच भीती वाटायची.

"बस. तुझ्यावर कुणी आळ घेत नाहीये."

रुदैना बसली. छाती जड झाली होती. घरी तान्ह्या जूदची दुधाची वेळ टळून गेली होती आणि ब्लाउजच्या आत ओल जाणवत होती. तिने फाइल छातीशी धरली.

"काल त्या वेळी कुठे होतीस?"

"घरी. दुपार कलताच, अस्रलाच गेले होते, पोरीचं अंग कोमट होतं."

"सोबत कोण?"

"पोरगी."

सहा महिन्यांच्या पोरीची साक्ष कोण मानणार? नवरा कतारला, सासू बहिणीकडे इफ्तारला. मुहन्नदने सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात दया होती की हिशेब, हे तिला कळेना.

"दुसरी प्रत असेल ना कुठेतरी?" तिने विचारलं.

"ती ठेवणं गेल्या महिन्यापासून बंद केलं. लाँच झाल्यावर बघू म्हटलं होतं. सगळ्यांच्या समोरच ठरलं होतं ते." तो खिडकीबाहेर बघू लागला. अम्मानच्या लुवैबदे भागातल्या उतारावरच्या बाल्कन्यांमध्ये दिव्यांच्या चंद्रकोरी दिवसाउजेडी फिक्या लटकत होत्या. "ईदच्या सकाळी अॅप नुसतं बघायलाच नव्हे, स्वतःचं स्वयंपाकघर उघडायलाही सगळ्यांना खुलं होणार. पैसे लावणारी माणसं बघतायत. इतिमाद उद्या दुपारी पुन्हा येणार आहे, वर्तमानपत्रात जाईन म्हणते. तिला काहीतरी सांगावं लागेल मला. नाव सांगावं लागलं, तर माझ्याकडे सध्या एकच नाव आहे."

"उस्ताज, मी का पुसेन?"

"बाळंतपणानंतर तुला कायम न करता करारावर घेतलं, त्याचा राग असेल. लोक असं म्हणतील. मी म्हणत नाही."

म्हणजे उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर अम्मानमध्ये तिला कोण काम देणार? मेलेल्या म्हातारीचा आवाज सूड म्हणून पुसणारी बाई! घरभाडं नवऱ्याच्या पगारातून जायचं, बाकी सगळं तिच्या. आणि इतिमादला वाटणार, चहा पिऊन गेलेलीच फसवून गेली.

दार उघडलं तर बाहेर लमीस उभी. 'नफस'चा चेहराच ती. रमजानभर रोज मगरिबआधी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातून लाइव्ह यायची, आणि निम्म्या शहराच्या बायका तिच्यासोबत कांदा चिरायच्या. तिने रुदैनाला घट्ट मिठी मारली.

"रडू नकोस गं, दूध आटेल." कानाशी येऊन ती कुजबुजली, "ऑफिसच्या किल्ल्या तिघांकडेच. तू, मी आणि कुतैबा. मी तर काल लाइव्ह होते, सगळ्या गावाने पाहिलंय. आता तूच बघ कोण उरतं ते."

३

कुतैबा जिन्यात सापडला. हातात न पेटवलेली सिगारेट घेऊन बसला होता. रोजात तो नुसती हुंगायचा.

"माझ्यावर संशय आहे ना तुझा?"

"माझ्यावर सगळ्यांचा आहे. मला निदान एक तरी माणूस हवं."

तो कडवट हसला. "दोन महिन्यांचा पगार अडकलाय माझा. राग काढायचा असता तर मी मुहन्नदचं पान पुसलं असतं. आणि तुझा पासवर्ड मला लागतोच कशाला, ताई? मी ठरवलं तर कुणाचंही नाव न उमटवता अख्खं अॅप झोपवेन. तुझं दार उघडून आत जाणाऱ्याला दुसरं दार माहीत नव्हतं, एवढंच."

हे खरं होतं. दुसरं दार माहीत नसलेली माणसं दोनच, मुहन्नद आणि त्या वेळी लाइव्ह असलेली लमीस. मुहन्नद किल्ली बाळगत नसे, कोण ना कोण दार उघडायला असतंच म्हणे. शिवाय काल तो पैसेवाल्यांसोबत हॉटेलात होता, आणि त्याचे तिथले फोटो इफ्तारच्या आधीपासूनचे होते. शिवाय उम्म निजारचं पान म्हणजे त्याची दुभती गाय. ती कोण कापेल?

"काल मगरिबआधी कुठे होतास?"

"मिठाईवाल्याकडे, कतायफच्या रांगेत. बायको गरोदर, तिला अक्रोडाचेच हवेत. माझ्या पुढचा माणूस भांडला, मागचा भांडला, मी मध्ये. विचार दुकानदाराला, त्याने मला शेवटचे तुटकेच दिले."

"तुझं कुणाशी वाकडं?"

"माझं नाही." सिगारेट त्याने कानामागे खोचली. "पण उम्म निजारचं पान कुणाला तरी सलत होतं. गेल्या आठवड्यात रोज कुणीतरी ते उघडून बघायचं. एकेक व्हिडिओ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, थांबवून थांबवून. मला वाटलं, इतिमाद असेल."

"नव्हती?"

"नाही. तेही तुझ्याच नावाने झालं होतं, रुदैना."

४

घरी पोचली तेव्हा जूद सासूच्या मांडीवर झोपली होती. रुदैनाने तिच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पावलांना. गार होती. तरी पुन्हा एकदा लावला.

"उतरलाय ताप, दहादा काय बघतेस?" सासू, उम्म लैथ म्हणाली. "आणि तोंड का असं? दुपारी काही पोटात ढकललंस की नाही?"

पाजत होती म्हणून रुदैनाला रोजा नव्हता. तरी ऑफिसात सगळे कोरड्या ओठांनी बसलेले असताना समोर खाणं तिला जमत नसे. मागच्या सामानाच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांमागे उभी राहून ती झातरचा मसाला लावलेली रोटी गिळायची. काल तशीच गिळत असताना लमीस आत आली होती. रुदैना चोरासारखी दचकली, आणि लमीस म्हणाली होती, "खा गं, लाजतेस काय! अल्लाहने सूट दिलीय, तू कोण परत करणारी?" मग बाहेर रुदैनाच्याच टेबलाशेजारी चटई पसरून ती दुपारच्या नमाजला उभी राहिली. शेवटी हात उचलून तिने जूदच्या तापासाठी मोठ्याने दुआसुद्धा मागितली होती.

कोण करतं एवढं? ऑफिसात एक तरी माणूस आपलं आहे, असं काल दुपारी रुदैनाला वाटलं होतं.

"खालती," म्हणजे मावशी, अशीच ती सासूला हाक मारायची, "काल लमीसचा कार्यक्रम पाहिलात?"

"पाहिला, आणि पस्तावले." उम्म लैथने जूदला खांद्यावर घेतलं. "भाव खायला लागलीय तुझी मैत्रीण. मी दोनदा लिहिलं, फरीक्याचे हिरवे गहू भिजवायचे की नुसते धुवायचे. माझी बहीण म्हणाली, अगं ती सगळ्यांची नावं घेऊन बोलते. काल नावं नाहीत, काही नाही. समोर भिंत आहे असं बघून बोलत होती. आणि वर..." तिने आवाज खाली केला, जूदला ऐकू जाऊ नये असा. "वर चव काय घेतली! भर रोजात, कॅमेऱ्यासमोर! असतील तिचे अडचणीचे दिवस, बाईमाणूस आहे, असतात. पण चार भिंतींत घे ना. आम्ही बायकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. एकीने लिहिलं होतं खाली, तर ते लगेच पुसलं."

रुदैनाच्या हातातला कप टेबलाच्या कडेवर टेकला आणि तिथेच राहिला.

"चव कशी घेतली, खालती?"

"कशी म्हणजे? अशी." उम्म लैथने जूदच्या पाठीवरचा हात काढला, रिकाम्या तळहातावर जीभ टेकवल्यासारखं केलं आणि मिटक्या मारल्या. "आणि म्हणाली, 'अजून एक चिमूट, मग अल्लाह मालिक.' तिच्या आजीची रीत आहे म्हणे. ते मात्र बाई मला आवडलं."

५

दुसऱ्या दिवशी रुदैनाने मुहन्नदच्या खोलीत तिघांनाही बोलावलं, म्हणजे मुहन्नदला, कुतैबाला आणि लमीसला. इतिमाद बाहेर येऊन बसली होती. काचेतून तिची पाठ दिसत होती.

"थोडक्यात सांग," मुहन्नद म्हणाला.

रुदैनाने टेबलावरच्या पडद्यावर परवाचा कार्यक्रम लावला. लमीसचं स्वयंपाकघर, वाफाळणारं पातेलं, फरीक्याचा हिरवट शोरबा. लमीस चमचा बुडवते. थेंब तळहातावर. जीभ. मिटक्या. 'अजून एक चिमूट, मग अल्लाह मालिक.' रुदैनाने तिथेच चित्र थांबवलं.

"मग?" लमीस हसली. "मीठ बघितलं. फतवा काढतेस का?"

कुतैबा चुळबुळला. "स्वयंपाक करणाऱ्याला जिभेच्या शेंड्याने चव घ्यायला चालतं म्हणतात, थुंकून टाकलं की झालं."

"थुंकली नाही ती. गिळलं. पुन्हा लावू?"

लमीसने मान तिरकी केली. चेहऱ्यावर वैताग आणि लाज दोन्ही बरोब्बर आणले. "माझ्या तोंडून वदवूनच घेणार आहेस का, या पुरुषांसमोर? अडचण होती मला. रोजा नव्हता."

"हेच सगळ्या बायकांना वाटलं," रुदैना म्हणाली. "म्हणून कुणी पुढे विचारलं नाही. मीही विचारलं नसतं. पण त्याच दुपारी तू माझ्या टेबलाशेजारी नमाज पढलीस, लमीस. जूदसाठी दुआ मागितलीस. अडचणीच्या दिवसांत रोजा नाही तशी नमाजही नाही, हे तुला मी शिकवायचं का?"

लमीसचा हसू आणलेला गाल तसाच राहिला, पण त्याखालचं काहीतरी निसटलं.

"तुला रोजा होता. म्हणजे परवा तू हा शोरबा गिळणं शक्यच नव्हतं. हे चित्रण परवाचं नाहीच. रमजानच्या आधीचं आहे. म्हणून तू कुणाचं नाव घेतलं नाहीस, म्हणून माझ्या सासूच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. लोक तुला तुझ्या घरात बघत होते, तेव्हा तू इथे, माझ्या खुर्चीत बसली होतीस."

मुहन्नद लमीसकडे बघत होता. कुतैबा जमिनीकडे.

"पासवर्ड तुला मीच दिला होता," रुदैना म्हणाली. "जूदला पहिल्यांदा ताप आला तेव्हा. तू म्हणालीस, घरी जा, तुझी पानं मी पुरी करते."

"आणि केली की," लमीस म्हणाली.

६

मग लमीसनेच सुरुवात केली, आणि त्यात ओशाळेपण अजिबात नव्हतं.

"टीव्हीवाल्यांनी ईदनंतरचा कार्यक्रम दिलाय मला. 'आजीचं पातेलं.' हे चित्रण त्यांना दाखवायला रमजानआधीच्या महिन्यात, शाबानमध्ये केलं होतं. लोकांना आजी लागते, रुदैना. सूट घातलेली बाई शोरबा करते, हे कोण बघणार? माझी आजी बँकेत होती, तिला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं. मग मी काय करायचं होतं?"

"उम्म निजारचं घेतलंस."

"ती मेली! मेलेल्या बाईला काय उपयोग त्याचा? पण पान तिथेच होतं. एक दिवस कुणीतरी दोन्ही शेजारी लावून बघितलं असतं."

"सगळं घेतलंस," रुदैना म्हणाली. "पदार्थ घेतले, शब्द घेतले. तिची चव बघायची रीतसुद्धा सोडली नाहीस. तेवढी सोडली असतीस तर मला कधीच कळलं नसतं."

लमीसने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. जणू तो तिचा नव्हताच.

"आणि माझं नाव का?"

"तू नाहीतरी जाणारच होतीस." ती हे जवळजवळ मायेने म्हणाली. "तान्हं मूल असलेली बाई इथे टिकलीय का कुणी? मला वाटलं, तू तापाच्या पोरीला घेऊन डॉक्टरकडे असशील, तिथे नोंद होईल, सुटशील. तू घरीच बसलीस, त्याला मी काय करू?"

मुहन्नदने कुतैबाला आणि लमीसला बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर तो रुदैनाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. मालक म्हणून नव्हे, घरचा म्हणून.

"हुशार आहेस. मला माहीत होतं, तू नव्हेस."

"मग इतिमादला सांगा."

"सांगतो. यंत्रात बिघाड झाला म्हणून सांगतो." त्याने हात वर करून तिला थांबवलं. "ऐक आधी. लमीस गेली तर ईदचं लाँच गेलं. लाँच गेलं तर पैसे गेले. मग कुतैबाचा पगार, तुझा करार, सगळं गेलं. आणि व्हिडिओ तरीही परत येणार नाहीत. ईदपर्यंत गप्प बस. ईदच्या दुसऱ्या दिवशी तू कायम. कागद आजच बनवतो. घरी पाळणा आहे, रुदैना. दुसऱ्याच्या आईसाठी स्वतःच्या लेकीचा घास काढशील?"

काचेपलीकडे इतिमादने मान वळवली. तिने पर्समधून काहीतरी काढलं होतं. आईचा फोटो असावा, वर्तमानपत्रासाठी आणलेला.

रुदैनाला घरातलं दुधाच्या पावडरचं डबडं आठवलं. तळाशी आलेलं.

"रिकाम्या पानावरची ओळ अजून मनासारखी झालेली नाही," ती शेवटी म्हणाली. "ईदच्या आधी एकदा बघून घेऊ का?"

मुहन्नदला सुटल्यासारखं झालं. "अगं, तुझीच तर आहे ती ओळ. हवी तशी कर."

इतिमादला त्याने उभं राहूनच सांगितलं. बिघाड, दिलगिरी, आईच्या नावे एक सन्मानाचं पान. इतिमादने ते सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्याकडे न बघता रुदैनाला विचारलं,

"तूही हेच म्हणतेस?"

ब्लाउज पुन्हा ओला होत होता. रुदैनाने फाइल वर सरकवली.

"हो," ती म्हणाली.

इतिमादने फोटो पर्समध्ये ठेवला. जिन्याशी थांबून ती म्हणाली, "त्या दिवशी चहात साखर कमी पडली होती तुला. मी अजून घालू का विचारलं, तर तू नको म्हणालीस. मला वाटलं, नुसती भिडस्त आहेस." आणि ती उतरून गेली.

७

ईदच्या सकाळी घरात मामूलच्या खजूर भरलेल्या बिस्किटांचा वास भरला होता. नव्या कपड्यांत जूद गुदमरल्यासारखी रडत होती. उम्म लैथने चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "आता मीपण माझं स्वयंपाकघर उघडणार. सगळ्यांना खुलं झालंय ना? बघू तरी, काय काय विचारतं."

रुदैना पोरीला खांद्यावर घेऊन उभी राहिली.

उम्म लैथने बोट फिरवलं आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागली. "'या घरात...'" ती अडखळली. "हे काय गं? 'या घरात सल्टच्या उम्म निजारची चूल होती. रमजानमध्ये ती विझवली गेली. यंत्राने नाही, माणसाने. तिचा फरीक्याचा शोरबा आणि तळहातावर चव बघायची तिची रीत तुम्हाला टीव्हीवर दिसेल. तिथे तिचं नाव नसेल, म्हणून इथे लिहिलं आहे.'"

पातेलं तिथेच होतं. फक्त त्याचं हसू काढलेलं होतं.

आज अॅपवर येणारी प्रत्येक नवी बाई आपलं रिकामं स्वयंपाकघर उघडणार होती, आणि प्रत्येकीला आधी हेच दिसणार होतं. अम्मानमध्ये, इर्बिदमध्ये, करकमध्ये, नव्या कपड्यांवर पीठ सांडलेल्या सगळ्या बायकांना.

उम्म लैथने चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "तू लिहिलंस?"

"हो, खालती."

"नोकरी?"

"गेली."

म्हातारीने फोन उलटा करून ठेवला. "माझ्या लेकाला आता तू सांग. मी नाही सांगणार," असं म्हणून ती चुलीकडे वळली.

मुहन्नदचे फोन वाजत राहिले. रुदैनाने उचलले नाहीत. दुपारच्या आत पातेलं पुन्हा हसायला लागलं. हे काम कुतैबाकडूनच करून घेतलं असणार. तो मात्र सावकाश उठला असावा, कारण तोवर ती ओळ बायका एकमेकींना पाठवून मोकळ्या झाल्या होत्या. लमीसचा एकच निरोप आला. 'जूदकडे बघून तरी थांबायचंस.' टीव्हीवाल्यांनी कार्यक्रम रद्द केला नाही. नाव बदललं एवढंच, 'आजीचं' ऐवजी 'आज्यांचं पातेलं'.

जेवणाच्या वेळी इतिमादचा फोन आला. तो मात्र रुदैनाने उचलला.

"वाचलं," इतिमाद म्हणाली.

"मला आधीच सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी..."

"शेजारणींनी पाठवलं. माझ्या भावाने पाठवलं. सगळे म्हणतायत, तुझ्या आईचं नाव झालं." ती थांबली. "नावाचं काय करू मी, रुदैना? ते ऐकू येत नाही."

जूद रुदैनाच्या खांद्यावर हुंदके देत झोपी जात होती, आणि फोनच्या दोन्ही बाजूंना नुसता श्वास होता. तेवढ्यात मागे उम्म लैथने पातेल्यावरचं झाकण उचललं. आज रोजा नव्हता. तिने चमचा बुडवला, थेंब तळहातावर घेतला, जिभेने टिपला, मिटक्या मारल्या आणि स्वतःशीच म्हणाली, "अजून एक चिमूट, मग अल्लाह मालिक."

फोनमधला श्वास थांबला.

"कोण आहे ते?" इतिमादने विचारलं. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

"माझी सासू."

"ती कुणाचं पाहून शिकली? आईचं?"

रुदैनाने सासूच्या पाठीकडे पाहिलं. ती मिठाच्या बरणीत बोटं घालत होती. हो म्हणणं किती सोपं होतं. पण या बाईशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

"नाही," ती म्हणाली. "लमीसचं."

फोन कधी बंद झाला ते तिला कळलंच नाही. चुलीवर शोरबा उकळत होता. उम्म लैथने वाटी भरून तिच्यापुढे ठेवली आणि मीठ बरोबर आहे का विचारलं. मीठ अगदी बरोबर होतं.